डायनासोर मोठे कसे झाले? उत्तर शेणात सापडतंय (आणि थोडं प्राणहितेच्या काठी)

खडकवाचक

डायनासोर म्हटलं की शेवट सगळ्यांना पाठ असतो, मेक्सिकोजवळ अशनी पडला आणि खेळ खलास. सुरुवात कशी झाली हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मला तर ती सुरुवातच जास्त खेचून घेते, कारण साधारण २३ कोटी वर्षांपूर्वी पहिले डायनासोर खडकांत दिसायला लागतात तेव्हा त्यातले बरेचसे अगदी किरकोळ प्राणी आहेत, आणि जमिनीवर सत्ता दुसऱ्यांचीच आहे. पोपटासारख्या चोचीचे जाडजूड ऱ्हिंकोसॉर, सुळेवाले डायसिनोडॉन्ट, नदीकाठी सुसरीसारखे फायटोसॉर, पाण्यात मगरीएवढे उभयचर, आणि सगळ्यांच्या वर मगरीच्या घराण्यातले अवाढव्य शिकारी. आणि २० कोटी वर्षांपूर्वी बघितलं तर यातलं जवळजवळ कोणीच उरलेलं नाही, सगळीकडे डायनासोर. मधल्या तीन कोटी वर्षांत झालं काय?

आजवर याचं उत्तर मुख्यतः हाडांवरून शोधलं गेलं. २०२४ च्या शेवटी 'नेचर'मध्ये पोलंडच्या खडकांवर एक पेपर आला, स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या मार्टिन क्वार्नस्ट्रोम, ग्झेगोश नेज्वेद्झकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी हाडांच्या जोडीला विष्ठेचे जीवाश्म घेतले, कोप्रोलाइट. शिवाय ओकारीचे आणि पोटातल्या अन्नाचेही. ५०० हून जास्त नमुने! हाडांवरून घरात कोण राहत होतं ते कळतं, शेणावरून त्या घरात काय शिजत होतं ते.

नमुने फोडायचे नाहीत म्हणून फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रात, त्यांचं आतून थ्रीडी स्कॅनिंग केलं. आतमध्ये माशांचे खवले, किडे, हाडांचे तुकडे, पानं, सगळं जागच्या जागी. याच टीमने २०२१ मध्ये पोलंडमधल्या क्रॅशेयूवच्या एका कोप्रोलाइटमधून भुंग्याची एक नवी जातच शोधली होती, ट्रायमिक्सा. दीडेक मिलिमीटरचा जीव, पण पाय आणि मिशा शाबूत! २३ कोटी वर्षांपूर्वी कोणीतरी गिळला, तो दुसऱ्या टोकाने बाहेर पडला, आणि अजून त्याचे सांधे मोजता येतात. ती विष्ठा बहुधा सिलेसॉरसची, म्हणजे डायनासोरांच्या अगदी जवळच्या नातेवाइकाची. दातांवरून आणि चोचीवरून सगळे याला शाकाहारी म्हणायचे, निघाला किडेही खाणारा.

आता मुद्द्याचं. हे सगळे नमुने वयानुसार लावले की चित्र पायरीपायरीने बदलताना दिसतं. आधी डायनासोरांचे छोटे, मिळेल ते खाणारे पूर्वज. मग त्यांच्यातूनच कोणी मासे-किडे-मांस खाणारे, कोणी झाडपाला खाणारे. त्यानंतर हवामान दमट झालं, वनस्पतींचे प्रकार वाढले, तेव्हा पाला खाणाऱ्या डायनासोरांचा आकार वाढला, आणि शेवटी त्यांच्यावर जगणारे मोठे मांसाहारी. म्हणजे हा एका रात्रीतला सत्तापालट नाही. आणि यात डायनासोरांच्या पराक्रमाइतकाच वाटा इतरांच्या अन्नाचा आधार सुटण्याचा आहे असं माझं ठाम मत झालंय. ज्याच्या ताटात एकच पदार्थ तो आधी गेला.

आपल्याकडच्या थरांबद्दल खाली लिहितो, आधी तुम्ही काय म्हणता बघू.

अबोली

किती सुंदर लिहिलंय! पण एक बेसिक शंका. शेण कोणाचं हे कसं ओळखतात? जंगलात आत्ताची विष्ठा बघून वाघाची की बिबट्याची यावरही लोक अडतात, इथे तर प्राणीच शिल्लक नाही.

खडकवाचक

@अबोली, रास्त शंका, आणि खात्रीने एकच नाव घालता येतंच असं नाही. आकार, आकारमान, आतला ऐवज, आणि त्याच थरात कोणाची हाडं आणि कोणाच्या पावलांचे ठसे सापडलेत, हे सगळं एकत्र ठेवून गट ठरवतात. उदाहरण देतो. पोलंडमध्येच लिसोवित्सेला विटांच्या कारखान्याच्या मातीच्या खाणीत मोठमोठे कोप्रोलाइट मिळाले, आत चक्काचूर झालेली हाडं ठासून भरलेली, आणि त्यात करवती कडांच्या दातांचे तुकडे. त्या थरात तसे दात असलेला तेवढा मोठा शिकारी एकच, स्मोक वावेल्स्की, पाच-सहा मीटरचा. हाडं चावताना त्याचे स्वतःचेच दात तुटून पोटात जायचे. आजचे तरस हाडं फोडतात, टी-रेक्सबद्दलही तेच म्हणतात, पण हा टी-रेक्सच्या १३ कोटी वर्षं आधीचा. हा स्मोक डायनासोरांच्या बाजूचा की मगरींच्या बाजूचा यावर मात्र अजून वाद आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मांस खाणाऱ्यांची विष्ठा दगड व्हायला सोपी, कारण हाडांमधलं फॉस्फेट तिच्यातच असतं. पाला खाणाऱ्यांची सहसा कुजून जाते. त्यामुळे शाकाहारी कोप्रोलाइट मिळाले की ते फार मोलाचे.

प्रश्नार्थक

मी शाळेत असताना वाचलं होतं की डायनासोरांचे पाय शरीराच्या बरोब्बर खाली, खांबासारखे सरळ, म्हणून ते जोरात पळायचे आणि बाकीचे फताडे पाय टाकत चालणारे मागे पडले. मग ते चूक का? शेवटी जो सरस तोच टिकणार ना, उत्क्रांती म्हणजे तेच, मग उगाच हवामान आणि नशीब कशाला मध्ये आणायचं?

गारगोटी

@प्रश्नार्थक, ती थिअरी बराच काळ जोरात होती, पण तिच्यात मोठी अडचण ही की मगरीच्या घराण्यातल्या मोठ्या शिकाऱ्यांचे पायही शरीराखाली सरळच होते! २००८ मध्ये ब्रुसाट, बेंटन वगैरेंनी 'सायन्स'मध्ये दोन्ही घराण्यांच्या सांगाड्यांची तुलना केली. ट्रायासिकमध्ये, म्हणजे २० कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या याच काळात, शरीराच्या तऱ्हा मगरीवाल्यांकडे डायनासोरांपेक्षा जास्त निघाल्या. दोघं तीनेक कोटी वर्षं शेजारी राहिले आणि त्या काळात वरचढ मगरीवालेच होते. त्या काळी कोणी पैज लावली असती तर डायनासोरांवर नक्कीच लावली नसती.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सांगतो. न्यू मेक्सिकोत घोस्ट रँच म्हणून जागा आहे, तिथे १९४७ मध्ये सीलोफायसिस या सडपातळ डायनासोराचे शेकडो सांगाडे एकाच खाणीत मिळाले. इतके की दगडाचे मोठमोठे ठोकळे प्लास्टरमध्ये गुंडाळून म्युझियमला पाठवले, आणि त्यातले काही कितीतरी वर्षं कोणी उघडलेच नाहीत. न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये स्टर्लिंग नेस्बिटने त्यातला एक उघडला, तर आत इफिजिया. दोन पायांवर चालणारा, दात नसलेल्या चोचीचा, लांब मानेचा, बघितल्यावर कोणीही शहामृगासारखा डायनासोर म्हणेल. घोट्याचं हाड बघितलं तर हा मगरीच्या घराण्यातला! म्हणजे पुढे डायनासोरांनी जे रूप घेतलं ते मगरीवाल्यांनी आधीच करून ठेवलं होतं.

त्याच खाणीतल्या सीलोफायसिसच्या पोटात पिल्लाची हाडं दिसली म्हणून 'हे आपलीच पिल्लं खायचे' अशी कथा बरीच वर्षं चालली. २००६ मध्ये नेस्बिट आणि मंडळींनी त्या हाडांची रचना तपासली, ती छोट्या मगरवर्गीय प्राण्याची निघाली. म्हणून खडकवाचक म्हणतात तसं पोटातलं नीट बघायलाच पाहिजे, अंदाजाने चालत नाही.

खडकवाचक

@गारगोटी, जबरदस्त. घोस्ट रँचवरून अजून एक, कारण @प्रश्नार्थक यांच्या 'हवामान कशाला' याला ते थेट उत्तर आहे. त्या काळात तो भाग विषुववृत्ताच्या जवळ होता. आणि तिथे छोटे मांसाहारी डायनासोर आहेत, पण मोठे शाकाहारी डायनासोर नाहीत, त्याच काळात युरोपात प्लेटिओसॉरससारखे पाच-सात मीटरचे पालाखाऊ कळपाने फिरत असताना! २०१५ मध्ये जेसिका व्हाइटसाइड आणि सहकाऱ्यांनी तिथल्या थरांतले परागकण, कोळशाचे कण आणि कार्बनची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासली. कधी ओलं, कधी करपवणारा दुष्काळ, वरून वणवे, आणि झाडोरा सारखा बदलणारा. मोठ्या शरीराला रोज भरपूर पाला लागतो, तो भरवशाचा नसेल तर मोठं होऊन करणार काय. अर्जेंटिनात २३ कोटी वर्षांपूर्वी असलेले लांब मानेच्या डायनासोरांचे पूर्वज ग्रीनलंडला पोचले ते थेट २१.४ कोटी वर्षांपूर्वी. मध्ये समुद्र नव्हता बरं का, सगळे खंड जोडलेला पॅन्जिया हा भूभाग सलग होता. अडवलं ते वाळवंटाने. हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरला तेव्हाच वाट मोकळी झाली असं केंट आणि क्लेमेन्सन मांडतात.

वरोरेकर

भाऊ, ते प्राणहितेचं काय झालं? शीर्षकात लिवलं आन खाली काहीच नाही. आमी चंद्रपूर जिल्ह्यातले, वाट पाहून राहिलो ना.

खडकवाचक

@वरोरेकर, लिहितोय, आता सविस्तरच लिहितो कारण हा भाग माझ्या जास्त जवळचा आहे.

वैनगंगा आणि वर्धा एक होऊन प्राणहिता होते आणि पुढे सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या खोऱ्यात दोन्ही बाजूंना ट्रायासिक आणि त्यानंतरच्या ज्युरासिक काळाचे थर एकावर एक आहेत, वर सांगितलेली अख्खी गोष्ट एकाच खोऱ्यात वाचता येते अशा फार जागा जगात नाहीत. यातले काही पहिले जीवाश्म गोळा करणारा माणूस नागपूरचा, स्टीफन हिस्लॉप. मिशनरी म्हणून आला, फावल्या वेळात दगड बघत हिंडला. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच हे हिस्लॉप. इथल्या फायटोसॉरला लायडेकरने १८८५ मध्ये त्यांचंच नाव दिलं, पॅरासुकस हिस्लॉपी.

मग १९५० च्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने इथे मोठं काम सुरू केलं. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर कसे असं वाटेल, पण संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांना सगळ्याच शास्त्रांत रस होता, त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि भूशास्त्राचा विभाग उभा राहिला. पुढची नावं जैन, कुट्टी, रॉय-चौधरी, शंकर चटर्जी. इथल्या एक्झेरेटोडॉन नावाच्या सस्तनांच्या चुलत प्राण्याचं जातीचं नाव 'स्टॅटिस्टिकी' आहे ते या संस्थेवरूनच!

आता थर बघा. मालेरीची लाल माती, तेलंगणातल्या पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात. खालच्या मालेरीत ऱ्हिंकोसॉर भरपूर, हायपेरोडॅपेडॉन. याच्या वरच्या जबड्यात दातांच्या अनेक रांगा आणि मध्ये खोबण, खालच्या जबड्याची धार त्या खोबणीत घट्ट बसायची, म्हणजे पाला कातरायचं खास यंत्रच. डायनासोर तिथे आहेत, पण शोधावे लागतात. एक आल्वॉकेरिया, तोही अर्धवट, आणि त्याची काही हाडं भलत्याच प्राण्यांची असावीत असं आता म्हणतात. वरच्या मालेरीत आलात की ऱ्हिंकोसॉर गायब! आणि तिथे लांब मानेच्या डायनासोरांचे पूर्वज दिसतात, जाक्लापल्लीसॉरस, नाम्बालिया. २०२५ मध्ये याच वरच्या मालेरीतून मालेरीरॅप्टर कुट्टी हा मांसाहारीही जाहीर झाला, अर्जेंटिनाच्या हेरेरासॉरसच्या गटातला, साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीचा. अजून वर धर्माराम, तिथे डायनासोर आणखी मोठे. आणि त्याच्याही वर कोटा थर, ज्युरासिक, तिथे बारापासॉरस. पोचमपल्लीजवळ एकाच जागी सुमारे ३०० हाडं, निदान सहा प्राण्यांची, कवटी मात्र एकही नाही. लांबी अंदाजे १४ मीटर. कलकत्त्याला त्याचा सांगाडा उभा आहे, नक्की बघा.

आता पोटातल्या अन्नाचं. मालेरीत पॅरासुकसचे दोन सांगाडे शेजारीशेजारी, सगळी हाडं जुळलेल्या अवस्थेत मिळाले. आणि पोटाच्या जागी दुसऱ्याच प्राण्याचे सांगाडे! सव्वाएक मीटरचा सडपातळ सरीसृप, जो तोवर कोणाला माहीतच नव्हता. चटर्जींनी १९८० मध्ये त्याला मालेरीसॉरस रॉबिन्सने नाव दिलं, पामेला रॉबिन्सन यांच्यावरून. अरुंद लांब तोंडामुळे फायटोसॉर म्हणजे फक्त मासे खाणारे असं सरसकट म्हणायचे, आणि हे जमिनीवरचे प्राणीही पकडत होते. एका पोटाने सांगितलं ते शंभर कवट्यांनी सांगितलं नसतं.

वरोरेकर

आता मजा आली भाऊ. कोटा गाव तर सिरोंचाकडं प्राणहितेच्या डाव्या काठावर, म्हणजे आपल्या गडचिरोलीत. थराला नाव आपल्या गावाचं आन गावातल्या पोराले ठाऊक नाही. वडधमला फॉसिल पार्क आहे, दगड झालेली झाडं पाहाले भेटतात, पण तिथपर्यंत जाणार किती जण.

आन तुमी शेणाचं लिवलं म्हणून सांगतो, आमच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे. तिथल्या वावरात हे शेणाचे दगड पडून राहतात, नांगरताना वर येतात. लहानपणी आमी बटाट्यावानी गोटे म्हणून फेकत होतो.

अबोली

अरे वा, पिसदुरा पहिल्यांदाच ऐकलं! ते याच काळातलं का?

गारगोटी

नाही अबोली, पिसदुरा खूप नंतरचं, क्रिटेशसच्या, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या काळाच्या, अगदी शेवटचं, साधारण ७ कोटी वर्षांच्या अलीकडचं. दख्खनच्या लाव्ह्याच्या आसपासचा लमेटा थर. पण शेणाच्या अभ्यासात ते जगप्रसिद्ध आहे. मॅटलीने १९३९ मध्ये तिथल्या आणि मालेरीच्या, दोन्हीकडच्या कोप्रोलाइटवर लिहिलं होतं. मग २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुराच्या कोप्रोलाइटमध्ये गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असंच सगळे धरून चालायचे, चित्रांत गवत काढलं की तज्ज्ञ चूक काढायचे. विदर्भातल्या शेणाने ते पुस्तक बदलायला लावलं! भाताच्या कुळाच्या जवळचंही गवत होतं त्यात.

निनाद

मी न्यू जर्सीत असतो, म्हणून शेवटच्या अंकाबद्दल लिहितो. हडसनच्या काठी पॅलिसेड्सचे काळे उभे कडे आहेत, आपल्याकडचे मराठी लोक वीकेंडला सर्रास ट्रेकला जातात तिथे. काळा खडक बघून सह्याद्रीची आठवण होते हे सगळेच म्हणतात, पण तो खडक २० कोटी वर्षांपूर्वीचा, पॅन्जिया फुटताना आत घुसून थंड झालेला शिलारस. तोच उद्रेक मोरोक्को, ब्राझीलपर्यंत पसरला आणि ट्रायासिकच्या शेवटचा महाविनाश त्यानेच झाला. हवेतला कार्बन डायऑक्साइड भयंकर वाढला. पुरावा काय, तर ग्रीनलंडची जीवाश्म पानं. जेनी मॅकएलवेनने १९९९ मध्ये त्यांच्यावरची श्वासाची छिद्रं मोजली, ट्रायासिक संपतो त्या थरापाशी ती एकदम विरळ होतात, कारण हवेत भरपूर कार्बन असला की झाडाला कमी छिद्रं पुरतात. त्याच सुमारास परागकण घटतात आणि नेच्यांचे (फर्नचे) बीजाणू वाढतात. मोठी झाडं गेली की आधी नेचे उगवतात, जळालेल्या किंवा लाव्ह्याच्या जमिनीवर आजही तसंच होतं.

मगरीच्या घराण्यातले बहुतेक सगळे इथे संपले. डायनासोर वाचले. का, यावर पॉल ओल्सेन यांच्या टीमचं २०२२ चं काम मला फार पटलं. चीनच्या जुंगार खोऱ्यात, जे तेव्हा उत्तर ध्रुवाच्या बरंच जवळ होतं, तळ्याच्या बारीक गाळात मध्येच खडे सापडतात. शांत पाण्यात खडे येणार कुठून? काठावरच्या बर्फात अडकून, बर्फ तळ्यात वाहत गेला आणि वितळल्यावर खडे खाली. म्हणजे हिवाळ्यात तळी गोठायची. आणि त्याच खोऱ्यात डायनासोरांच्या पावलांचे ठसे! त्यांचं म्हणणं, पिसांसारखं आवरण असल्याने डायनासोरांना थंडी आधीपासून सवयीची होती, आणि उद्रेकाच्या गंधकामुळे अधूनमधून जे कडक गारठे आले त्यात उघड्या कातडीचे मोठे प्राणी मेले.

कनेटिकटला रॉकी हिल म्हणून जागा आहे, १९६६ मध्ये सरकारी इमारतीसाठी खोदताना बुलडोझरवाल्याला ठसे दिसले आणि आता त्यावर घुमट बांधून पार्क केलंय. सुरुवातीच्या ज्युरासिकचे तीन बोटांचे ठसे, हातभर लांब. शिकारी डायनासोर मोठे झाल्याचा पुरावा पायाखाली दिसतो. मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे.

प्रश्नार्थक

बरं, पटत चाललंय. पण मग पोलंडच्या पेपरमध्ये 'पायरीपायरीने' आणि निनाद म्हणतात 'एकदम महाविनाश', दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

खडकवाचक

@प्रश्नार्थक, मला यात विरोध वाटत नाही. ऱ्हिंकोसॉर महाविनाशाच्या दोन कोटी वर्षं आधीच गेले, त्यांची जागा त्या खोऱ्यांत लांब मानेवाल्यांनी भरायला सुरुवात केली होती. डायसिनोडॉन्टही घटत होते, जरी लिसोवित्सेला शेवटी शेवटी हत्तीएवढा लिसोविसिया दिसतो. महाविनाशाने मोठ्या शिकाऱ्यांची जागा रिकामी केली, ती डायनासोरांनी घेतली. पाला खाणारे आधी वाढले, मांस खाणारे नंतर. शेणाचे आकारही त्याच क्रमाने वाढतात.

आणि निनाद यांनी नेच्यांचं लिहिलं म्हणून एक राहिलेलं सांगतो. पोलंडमधल्याच सोल्टिकूवच्या ज्युरासिक थरातल्या शाकाहारी कोप्रोलाइटमध्ये वृक्षनेचे आणि इतर वनस्पतींसोबत कोळसा सापडला, जळालेल्या झाडांचा. बरेच नेचे विषारी असतात, म्हणून ते विष शोषून घ्यायला हे प्राणी कोळसा खात असावेत असा लेखकांचा अंदाज. ऐकायला विचित्र, पण झांझिबारची लाल कोलोबस माकडं आजही कोळसा खातात, आणि विषबाधेच्या पेशंटला दवाखान्यातही कोळशाची पूड देतात. वणव्यानंतरच्या रानात नेचे आणि कोळसा हेच भरपूर असणार, आणि जो ते दोन्ही खाऊन पचवू शकला त्याला रान मोकळं.

मालेरी-धर्माराम-कोटा या सगळ्या थरांतल्या कोप्रोलाइटवर अशा स्कॅनिंगने एकत्र काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. पोलंड एक खोरं आहे, उत्तरेकडचं. दक्षिणेच्या गोंडवनात, म्हणजे भारतासह दक्षिणेकडचे खंड होते त्या भागात, हाच क्रम होता की वेगळा, हे सांगू शकणारं दुसरं खोरं आपल्याकडे आहे. इंदूरला सिंक्रोट्रॉनही आहे.

वरोरेकर

भाऊ, मी दिवाळीत गावी जाणार आहे. वावरात असा गोटा दिसला तर काय करू? उचलू की राहू देऊ?

खडकवाचक

उचलू नका. जागेवरच फोटो काढा, बाजूला पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल. मोबाइलवर लोकेशन चालू ठेवा. आजूबाजूची माती कुठल्या रंगाची, दगड मातीत रुतलाय की नुसता वर पडलाय, तेही लिहून घ्या, कारण थर माहीत नसेल तर नमुन्याची निम्मी किंमत जाते. मग नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. आणि फोटो इथेही टाका, @गारगोटी आणि मी दोघं बघू.

वरोरेकर

हाओ. भाच्याले पण सोबत नेतो, त्याले दगडाचा लय नाद आहे.